छान नावाचं बटण

सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळात त्या बाईच्या तोंडून वाकडा शब्द निघालेला कुणी ऐकला नव्हता. इस्पितळाच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या रांगेपलीकडे, हातांच्या व्यायामाची खोली होती आणि ती तिथली फिजिओ. खोलीत एक लांब टेबल. त्याची कड जागोजाग अर्धगोल कापलेली, म्हणजे पेशंटला पोट आत सारून दोन्ही कोपरं टेकता यावीत. टेबलावर हिरव्या-निळ्या मऊ मातीचे गोळे, कपडे वाळत घालायचे चिमटे, भोकांची फळी आणि तिच्यात बसवायच्या खुंट्या, बोराएवढे मणी, आणि चिमटीचा जोर किती किलो आहे ते दाखवणारा एक काटा. मोडून जुळलेली मनगटं, कापून शिवलेल्या शिरा, अर्धांगाच्या झटक्यानंतर लुळे पडलेले हात, सगळे याच टेबलावर येत.

झटका आलेला माणूस एक मणी उचलायला चार मिनिटं घेतो. मग तो मणी सुटतो, घरंगळत कपाटाखाली जातो, फिजिओ गुडघ्यावर बसून तो काढते आणि पुन्हा त्याच्यासमोर ठेवून म्हणते, "छान! अजून एकदा." बोट कापलेला एक लेथवाला आपला नंबर येईपर्यंत बसल्या बसल्या मोजत होता. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत त्याने जाहीर केलं, "मॅडम, आत्तापर्यंत एकशे बारा वेळा छान." सगळी खोली हसली, तीही हसली. हे सगळे छान येतात कुठून, असं मात्र कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिला खरं सांगावं लागलं असतं, की दुपारी चारनंतर ते आतून येत नाहीत, नुसते ओठांवरून येतात.

घरी ती आणि तिची आई, दोघीच. साडेपाचला चहा व्हायचा, सहाला ती आपल्या खोलीचं दार लावायची, आणि आईला आतून आवाज यायचे. "अरे ए ओंडक्या! ओंडका बरा, तो निदान मध्ये येत नाही!" आईला सुरुवातीला वाटलं, मुलगी फोनवर प्लंबरशी भांडतेय. मग रोजच भांडण व्हायला लागलं तेव्हा तिने विचारलं.

"खेळ आहे गं, आई."

"कुणाशी खेळतेस?"

"असतात कोणी तरी."

"मग त्या कुणाला तरी जरा हळू बोल. मला लाज वाटते, शेजारी ऐकतात," आई म्हणाली आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

खेळ होड्यांचा होता. चार होड्या एका बाजूच्या, चार दुसऱ्या, मध्ये नदी. समोरच्यांचे झेंडे गळ टाकून ओढून आणायचे. डावा अंगठा सुकाणूवर, उजव्या अंगठ्याने गळ. आपल्या भाषेत बोलणाऱ्यांची वेगळी खोली होती, तीत संध्याकाळी तीन-चारशे माणसं जमायची. जिंकलं की पायरी वर, हरलं की चौघेही एक पायरी खाली. म्हणजे आपल्या वाट्याला एखादा नवशिका आला की बाकी तिघांची माती. नवशिक्याला नाव निवडायची अक्कलही नसते, म्हणून खेळच त्याला 'नवखा' म्हणतो आणि पुढे आकडा लावतो.

फिजिओ पहिल्यांदा त्या खोलीत गेली तेव्हा स्वतःच्या आवाजात बोलली होती. पाच मिनिटांत एकाने सांगितलं, "ताई, भांडी पडली असतील सिंकमध्ये, जा." बाकीचे खिदळले. ती दोन दिवस गेली नाही. तिसऱ्या दिवशी गेली ती आवाज बदलून. खेळात आवाजाचे मुखवटे मिळायचे, त्यातला तिने भारदस्त पुरुषाचा घेतला आणि नाव घेतलं 'कात्री'. आधी ती फक्त उलट उत्तर द्यायची. मग कुणी बोलण्याआधीच द्यायला लागली. तोवर तिचा हातही असा बसला होता की नदीच्या वळणावर तिची होडी दिसली की लोक झेंडा सोडून पळायचे. दोन वर्षांत ती सगळ्यात वरच्या पायरीवर पोचली, आणि खरं सांगायचं तर तिच्या खेळापेक्षा तिची जीभ जास्त गाजली. तिची वाक्यं लोक टिपून ठेवायचे, एकमेकांना पाठवायचे. "डोळे कपाटात ठेवून आलास का?" हे तिचं. "काठावर बस आणि दगड मोज," हेही तिचंच. सगळ्यात गाजलं ते मात्र चार शब्दांचं होतं. गळ चुकवणाऱ्याला ती शांतपणे विचारायची, "हात भाड्याने आणलेत का?"

आता, दिवसभर ज्या बाईच्या हातात लोकांचे हात असतात तिला हेच वाक्य का सुचावं, हे एखाद्या शहाण्या माणसाने सांगावं. तिला स्वतःला तेव्हा त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. दिवसभर मंदपणाची मनधरणी करायची, संध्याकाळी दोन तास तरी मंदपणा हा गुन्हा असलेल्या जागी जावं, एवढीच तिची भावना होती. भूक लागावी तशी ती वेळ झाली की फोन हातात घ्यायची.

आणि छानचं बटण. डाव संपला की समोरच्याला शाबासकी द्यायला खेळाने एक बटण ठेवलं होतं, त्यावर लिहिलेलं 'छान!' बनवणाऱ्यांचा हेतू चांगला असणार. पण त्या खोलीत चांगल्या खेळाडूला कुणी छान दाबत नसे. छान दाबायचं ते सगळ्यात वाईट खेळलेल्याला, आणि एकदा नाही, तीनदा. छान, छान, छान. ही पद्धत कात्रीने पाडली. फोनमधून एक गोड बाईचा आवाज ते तीनदा म्हणायचा आणि ज्याच्यासाठी म्हणायचा तो बिचारा गपगुमान खोलीबाहेर जायचा.

अशा सगळ्यात पेंटरकाका आले.

काका साठी ओलांडलेले, उभा जन्म दुकानांच्या पाट्या रंगवलेले. छापील फलक आल्यावर धंदा बसला, तरी ज्यांना हाताचंच अक्षर हवं असे काही लोक त्यांच्याकडे यायचेच. मग एका सकाळी शिडीवरच उजवी बाजू गेली. पाय बराचसा परतला, बोलणं जरा जड राहिलं, हात मात्र खांद्याला टांगल्यासारखा. मुलगी त्यांना आठवड्यातून दोनदा घेऊन यायची. पहिल्याच दिवशी फिजिओने नेहमीचा प्रश्न विचारला, हाताने काय करता यायला हवं? कुणी म्हणतं शर्टाची बटणं, कुणी म्हणतं जेवण. काका म्हणाले, "एक हात लांब रेघ. एका दमात. थांबायचं नाही, हलायचं नाही."

"येईल," ती म्हणाली.

"सगळ्यांना सांगता?"

"नाही. तुमचा अंगठा हलतोय म्हणून सांगतेय."

हे खरं होतं. पण काका घरी व्यायाम करेनात. मणी ओवायला मी काय बाहुल्या करतो का, म्हणाले. मातीचा गोळा दिला तर त्यांनी डाव्या हाताने त्याचा उंट केला आणि तो तिला भेट दिला. काट्यावर चिमटी एक किलोच्या पुढे सरकेना. तेव्हा तिला ती कल्पना सुचली. उजवा अंगठा हजार वेळा वाकेल, वर कंटाळाही येणार नाही, असं तिच्या माहितीत एकच काम होतं. तिने काकांच्या फोनवर होड्यांचा खेळ घातला. बटणं समजावून दिली. त्यांना सगळं समजावं म्हणून आपल्या भाषेची खोली स्वतःच निवडून दिली. "रोज वीस मिनिटं, काका. कुणाशी बोलायची गरज नाही, नुसतं खेळायचं."

तीन आठवड्यांत चिमटी दोन किलोवर गेली. मग अडीच. काका खुंटी उचलून फळीत बसवायला लागले, आणि एकदा पेन्सिल धरून त्यांनी कागदावर वीतभर रेघ ओढली. वाकडी होती, पण मध्ये तुटली नव्हती. महिन्याच्या बैठकीत फिजिओने हे सगळं मोठ्या डॉक्टरीणबाईंना तक्ता काढून दाखवलं. त्या म्हणाल्या, आणखी पेशंटना देऊन बघा. तिने आणखी पाच जणांना दिला. लेथवाल्याला दिला, शिवणकाम करणाऱ्या एका मावशींना दिला, आणखी तिघांना. सगळे त्याच खोलीत.

आणि त्याच दिवसांत कात्री संध्याकाळी खोलीत ओरडत होती, "कुठून येतात रे हे एकेक? नवख्यांचं पेव फुटलंय नुसतं!"

हे लिहितानाही अंगावर काटा येतो. दिवसा ती ज्यांना बोट धरून दारातून आत सोडत होती, संध्याकाळी त्यांनाच हाकलत होती, आणि या दोन गोष्टी तिच्या डोक्यात एकदाही शेजारी आल्या नाहीत. ती काही मठ्ठ नव्हती. तिच्या लेखी पेशंट ही माणसं होती आणि नवखे हे आकडे होते, एवढंच. नवखा ७१४ नावाचा एक होता, गळ टाकायला युगं घ्यायचा. कधी बोलायचा नाही. तिने त्याला ओंडका म्हटलं, भाड्याच्या हातांचं विचारलं, डाव संपल्यावर तीनदा छान दाबलं. काही दिवसांनी त्याने खेळणं सोडलं, पण खोली सोडली नाही. न खेळता दुसऱ्याचा डाव बघत बसायची सोय होती, तिला काठ म्हणत. ७१४ रोज सहा वाजता कात्रीच्या डावाच्या काठावर येऊन बसायला लागला. ती मनातून सुखावली. एवढं बोलूनही आपला खेळ बघायला येतो म्हणजे काय!

एका मंगळवारी काका व्यायामाच्या खोलीत आले तेव्हा त्यांचा उजवा हात खिशात होता. तिने टेबलावर ठेवायला सांगितला तर त्यांनी डाव्या हाताने धरून तो आणून ठेवला, दुसऱ्याची वस्तू ठेवावी तसा. तिने मणी पुढे केला. काकांनी अंगठा लावला, मणी सुटला. पुन्हा लावला, पुन्हा सुटला. काट्यावर चिमटी दीड किलो. ती म्हणाली, "छान, अजून एक..."

काका हसले. "राहू द्या मॅडम. काय करणार, हात भाड्याने आणलेत."

तिच्या हातातला मणी तसाच राहिला. ती वाक्यं लोक वापरतात हे तिला माहीत होतं. पण ते वाक्य दिवसा, या टेबलावर, काकांच्या जड जिभेतून ती पहिल्यांदाच ऐकत होती.

"हे... कुठे ऐकलंत?"

"तुमच्याच खेळात. एक जण आहे तिथे, कात्री म्हणून. मोठा भारदस्त माणूस दिसतोय आवाजावरून."

"काका, असल्या लोकांकडे लक्ष द्यायचं नाही. रिकामटेकडे असतात. दुसऱ्याला तोडून बोलण्यापलीकडे काही येत नाही त्यांना."

"नाही हो," काका एकदम म्हणाले. त्यांना ते आवडलं नव्हतं. "असं नका म्हणू. तुम्ही त्याला खेळताना बघितलं नाहीत. काय हात आहे! गळ सोडतो तो असा, की एका दमात. मी रोज काठावर बसून बघतो ना. माझा नंबर ७१४." ते जरा थांबले, दम घेतला. "आमचे वस्ताद यापेक्षा वाईट बोलायचे. गाढवाच्या शेपटीला ब्रश बांधला तर बरी अक्षरं येतील, म्हणायचे. पण बोलून झालं की माझं मनगट धरून रेघ ओढून घ्यायचे. हा बोलतो आणि पुढे जातो. बरोबरच आहे, त्याने माझ्यासाठी का थांबावं? पण ज्याचा हात इतका चांगला असतो ना मॅडम, त्याला दुसऱ्याचा हात बरोबर कळतो. तुम्ही माझ्या भल्यासाठी छान म्हणता. त्याला काय पडलंय? तो खरं सांगतो."

कात्री म्हणजे आपणच, हे तिने सांगितलं नाही. बोलायला हवं होतं, त्या क्षणी, त्या टेबलावर. शेजारी मावशी चिमटे लावत होत्या, दारात मुलगी उभी होती, आणि तिला भीती वाटली. तिने मान खाली घालून मणी डब्यात टाकला आणि म्हणाली, "गुरुवारी या." गुरुवारी काका आले नाहीत.

तिने फोन केला. मुलगी म्हणाली, "बाबा नको म्हणतात, मॅडम. परवा ब्रशची पेटी पण देऊन टाकली. चित्रकलेच्या शाळेतला कुणी ओळखीचा होता, त्याने मुलांना वाटले म्हणे. चाळीस वर्षांचे ब्रश होते ते. आम्ही खूप सांगितलं."

फिजिओने फोन ठेवला आणि दिवसभरात कुणालाही छान म्हटलं नाही. लेथवाल्याच्या लक्षात आलं. "काय मॅडम, आज स्टॉक संपला का?" म्हणाला. तो खेळ त्याने कधीच सोडून दिला होता. "तिथली माणसं म्हणजे..." त्याने हाताने एक खूण केली आणि पुढे बोलला नाही, कारण समोर बाईमाणूस होतं. मावशींनीही फोनमधून खेळ काढून टाकला होता. त्यांनी कारण सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. तिने सहाही फाइलींत लिहिलं, 'मोबाइल खेळ: पेशंटला उपयुक्त नाही, बंद.' वाक्य खोटं नव्हतं, पण ते लिहिताना तिचे कान तापले.

तिला वाटलं, कात्रीने बिघडवलंय ते कात्रीनेच नीट करावं. यात धाडस कमी आणि सोय जास्त होती हे तिला कळत होतं, तरी तिने तेच केलं. संध्याकाळी सहाला ती खेळाच्या खोलीत गेली. काठावर ७१४ होता. अजून येत होता! भारदस्त आवाजात ती म्हणाली, "सातशे चौदा, खाली ये. माझ्या बाजूने खेळ."

खोलीत एकच हशा फुटला. त्यांना वाटलं कात्रीने नवा विनोद काढलाय, बकरा गोठ्यातूनच मागवलाय. "ये ये, भाड्याचे हात घेऊन ये!" "डोळे कपाटातून काढ रे त्याचे!" "ओंडका आला, ओंडका!" सगळी तिचीच वाक्यं, तिच्याच ढबीत, कुणी कुणी तर तिचाच मुखवटा लावून. ती म्हणाली, "गप्प बसा. मी खरंच सांगतोय." ते आणखी हसले. ती म्हणाली, "तो नवा आहे, त्याला वेळ द्या." हसून हसून एकाला ठसका लागला. ती ओरडली, तर कुणीतरी तेही टिपून घेतलं. आणि मग, अजून डाव सुरूही झाला नव्हता, तरी एकामागून एक लोक बटण दाबायला लागले. छान, छान, छान. तो गोड आवाज दोन-तीन मिनिटं थांबला नाही. काठावरचं नाव विझलं.

आई दार उघडून आत आली. मुलगी पलंगाच्या कडेवर बसलेली, फोन जमिनीवर. "आज कोणी तुला बोललं वाटतं," आई म्हणाली. तिने मान हलवली. तिला धड रडूही येत नव्हतं, इतकी तिला स्वतःची किळस आली होती.

शनिवारी अर्धा दिवस असायचा. ती दुपारी काकांच्या मुलीच्या घरी गेली. काका मागच्या खोलीत होते. भिंतीवर जुन्या पाट्यांचे नमुने, अर्धवट रंगवलेली अक्षरं, आणि फळीवर धुळीत पेटीएवढी स्वच्छ चौकोनी जागा. काकांना तिला बघून आनंद झाला, त्याने तिला आणखीच मेल्यासारखं झालं.

"काका, फोन काढा. काठावर बसा."

"आता? आता कात्री नसतो. तो सहाला येतो."

"आज आत्ता येईल."

ती समोरच्या स्टुलावर बसली आणि खेळ सुरू केला. काकांच्या फोनवर कात्री नदीत उतरली. काका खूश होऊन पुढे वाकले. मग त्यांची नजर वर आली. अक्षरं ओढून आयुष्य काढलेला माणूस, त्याला हात वाचायला कितीसा वेळ लागणार? त्यांनी फोनकडे बघितलं, तिच्या अंगठ्यांकडे बघितलं, पुन्हा फोनकडे. तिला वाटत होतं आज अंगठे चालणार नाहीत. पण अंगठ्यांना लाज नसते. ते नेहमीसारखेच चालले, आणि पाच मिनिटांत तिने समोरच्यांचे सगळे झेंडे आणले.

तिने फोन खाली ठेवला. "मीच आहे, काका. ते सगळं मीच बोलले तुम्हाला. तुम्ही आहात हे माहीत नव्हतं, पण कुणीतरी होतंच ना. माझं चुकलं. फार चुकलं."

काका तिच्या हातांकडेच बघत होते. "हात चांगला आहे तुमचा," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, ते नुसतं नोंदवत होते. मग म्हणाले, "ते बटण. छान, छान, छान. तेही तुम्हीच दाबायचात?"

"हो."

"आणि टेबलावर म्हणायचात ते?"

तिला प्रश्न कळला. ती वाटभर माफीची तयारी करत आली होती, पण हा प्रश्न तिच्या तयारीत नव्हता. शिवी परत घेता येईल असं तिला वाटलं होतं. शिवीबरोबर शाबासकीही जाईल हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

"तिथलं खोटं होतं," ती म्हणाली.

"ते कळलं. इथलं?"

खोटं बोलणं फार सोपं होतं. "काही खरी होती," ती म्हणाली. "बरीचशी सवयीची."

"मग कुठली कुठली, हे मी कसं ओळखायचं?"

स्वयंपाकघरात मुलगी कपबश्या काढत होती, त्यांचा आवाज येत होता. काका म्हणाले, "माफीचं ठीक आहे. तुम्ही आलात, सांगितलंत. न येताही चाललं असतं तुमचं. पण ब्रश गेले, मॅडम." चहा आला. तो तिने घेतला, कारण नको म्हणायलाही तोंड उरलं नव्हतं.

कात्री पुन्हा नदीत दिसली नाही. खोलीला तिची उणीव भासली नसावी, वाक्यं तिथे होतीच. मोठ्या डॉक्टरीणबाईंना तिने शेवटपर्यंत खरं काय ते सांगितलं नाही. दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेली आणि परत फिरली. हे तिच्या बाजूने सांगण्यासारखं नाही, पण झालं ते असं झालं.

तिसऱ्या आठवड्यात काका आले, आपले आपण, रिक्षाने. दारातच म्हणाले, "काट्यावर किती येतं ते बघायला आलोय. काटा कुणाला चिडवत नाही आणि कुणाची समजूतही घालत नाही."

"या, काका."

"आणि ते छान नको. पडलं तर पडलं म्हणायचं. वाकडं तर वाकडं."

तिने मान डोलावली. त्या दिवशी काट्यावर पावणेदोन आले. ती म्हणाली, "पावणेदोन." मणी सुटला, ती म्हणाली, "सुटला." मग तिने, विचारून, त्यांचं मनगट खालून आपल्या तळव्यावर घेतलं आणि दोघांनी मिळून मणी डब्यात टाकला. मावशी आणि लेथवाला बघत होते. पुढे चार महिने हे असंच चाललं. तिला सगळ्यात जड गेलं ते गप्प राहणं. तोंडात शब्द यायचा, आणि ती तो गिळायची. बाकीच्यांना छान म्हणतानाही आता ती अडखळायची, हा कुठला आहे, आतला की ओठांवरचा, असं बघून मगच बोलायची. दिवसाला दहाबारा निघाले तर खूप.

एका सकाळी काकांनी पेन्सिल मागितली आणि मोठा कागद. मुलीने आणलेला साधा ब्रश अजून पिशवीतच होता, त्याला त्यांनी हात लावला नव्हता. तिने कागदाची चारही टोकं चिकटपट्टीने टेबलाला चिकटवली आणि मागे सरकली. काकांनी श्वास घेतला. खांदा हलला, कोपर हललं, पेन्सिल डावीकडून निघाली आणि न थांबता, न तुटता, कागदाच्या दुसऱ्या कडेपर्यंत गेली. एक हातभर. फिजिओच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. चार महिन्यांत पहिल्यांदा तो शब्द अगदी आतून, जिवाच्या तळापासून वर आला होता. ती गप्प राहिली.

"कशी आहे?" काकांनी विचारलं.

"सरळ आहे, काका. अगदी सरळ."

काकांनी तिच्या चेहऱ्याकडे क्षणभर बघितलं. मग डाव्या हाताने पिशवीतून लाकडी पट्टी काढली, रेघेला लावली, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, वाकून, स्वतः तपासून घेतलं.